हॅरिएटचा अर्ज

१८५७ म्हटलं की आपल्याला मेरठ, कानपूर, झाशी आठवतं. त्याच वर्षी ६ मार्चला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल मी वकिली शिकताना पहिल्यांदा वाचला. आजही तो वाचताना पोटात कालवतं.

तो निकाल ड्रेड स्कॉटच्या खटल्याचा. ड्रेड हा एका लष्करी डॉक्टरचा गुलाम. मालकाची बदली होईल तिकडे त्यालाही जावं लागे. इलिनॉय राज्य आणि पुढे फोर्ट स्नेलिंगची लष्करी छावणी, या दोन्ही ठिकाणी गुलामगिरीला कायद्याने बंदी होती. फोर्ट स्नेलिंगलाच हॅरिएटशी त्याचं लग्न झालं आणि ते सरकारी अधिकाऱ्याने लावलं. एरवी गुलामांच्या लग्नाला कायदा विचारत नसे.

६ एप्रिल १८४६ रोजी मिझुरी राज्यातल्या सेंट लुइसच्या कोर्टात दोघांनी त्याच आधारावर स्वातंत्र्यासाठी अर्ज केले. एकत्र नव्हे, वेगवेगळे. मला या खटल्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. त्या कायद्यात मूल आईवर जायचं. बाप सुटला तरी आई गुलाम असेल तर लेकीही गुलामच. म्हणजे त्यांच्या लेकी एलायझा आणि लिझी सुटणार की नाही, हे हॅरिएटच्या अर्जावर होतं. पुढे तो अर्ज नवऱ्याच्या खटल्याबरोबर चालवायचं ठरलं आणि तिचं नाव मागे पडलं ते पडलंच.

१८५० मध्ये जूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. दोन वर्षांत मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अशा खटल्यांतले पूर्वीचे निवाडे स्कॉट कुटुंबाच्या बाजूचे होते, पण आता काळ पूर्वीचा राहिला नाही, असं कारण दिलं!

मग प्रकरण वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश टॉनी यांनी लिहिलं की आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, मग ते गुलाम असोत वा स्वतंत्र, या देशाचे नागरिक होऊ शकत नाहीत. सबब त्यांना संघराज्याच्या कोर्टात दावाच लावता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायका पहिल्यांदा दबक्या आवाजात हेच विचारतात, "मला अर्ज करता येतो का, मॅडम?" दावा हरणं मी समजू शकते. पण तुला दाद मागायचाच अधिकार नाही, असं माणसाला सांगणं हा न्यायाच्या आसनावरून केलेला अन्याय आहे.

टॉनी आपल्या काळाचेच होते, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. निकाल ७ विरुद्ध २ असा होता. त्या दोघांपैकी न्यायमूर्ती कर्टिस यांनी दाखवून दिलं की संघराज्याची घटना होण्याआधीच पाच राज्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क होता. तेही त्याच काळातले, त्याच पीठावरचे. पुरावा समोर होता, टॉनींनी तो नाकारला.

त्याच वर्षी मे महिन्यात नव्या मालकाने सही करून चौघांना मुक्त केलं. अकरा वर्षं कोर्टात झगडून जे मिळालं नाही, ते शेवटी मालकाच्या मर्जीने मिळालं. ड्रेड पुढच्याच वर्षी क्षयाने गेला. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने टॉनींचा तो नियम पुसला. देशात जन्मलेली माणसं नागरिक ठरली.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या तिथल्या लोकांना. ती अर्पणपत्रिका मी अनेकदा वाचली आहे. पण ती पुण्यात लिहिली गेली तेव्हा हॅरिएट जिवंत होती, हे परवा तारखा जुळवताना ध्यानात आलं. आणखी तीन वर्षं जगली ती, त्याच सेंट लुइसमध्ये, दोन नागरिक मुलींची आई म्हणून.