बेबदो नेहमी शेजारचा

गोव्यात राहून सुखाने प्यायचं असेल तर आपलं बोट कायम हणजूण-वागातोरच्या किनाऱ्याकडे ठेवा. पेपरात ड्रग्जची बातमी आली की ती मोठ्याने वाचा, 'किनारपट्टी पार बिघडली हो' म्हणून मान हलवा आणि दुसऱ्या हाताने आपला ग्लास भरा. 'बेबदो', म्हणजे दारुडा, हा शब्द शेजाऱ्यासाठी राखून ठेवा. तो गटारात पडतो, तुम्ही ओसरीवर पडता.

दारू हा शब्दही नको. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तेव्हा तुम्ही पीत नाही, वारसा जपता. हुर्राक, म्हणजे फेणीच्या आधी निघणारा काजूचा अर्क, तर सरबतच: लिमका, मीठ, उभी चिरलेली मिरची. त्यात साधारण 15 टक्के अल्कोहोल असतं, बिअरच्या तिप्पट, हे पाहुण्यांना सांगू नका. शिवाय फेणी सर्दीवर चालते, पोटदुखीवर चालते. घरात एवढं गुणकारी औषध असताना कोणीतरी आजारी पडायलाच हवं. ते काम कर्त्या पुरुषाने पत्करावं.

पिऊन गाडी चालवा, रस्ता ओळखीचा आहे. पकडलं तर पहिल्या खेपेला 10,000 रुपये दंड किंवा तुरुंग, पण सरकारला शिव्या घालायला विषय मिळतो.

मुलाच्या खिशात गांजा सापडला तर शंकराचा प्रसाद म्हणा. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा किनाऱ्यावरच्या लोकांसाठी आहे, अशी आपली समजूत आहेच. (स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनीला त्याच कायद्याचं 64-अ कलम काही अटींवर संरक्षण देतं. पण त्यासाठी आधी व्यसन कबूल करावं लागतं, तेव्हा सोडा.)

खरी कसोटी श्रावणात. 'मनात आणलं तर महिनाभर शिवणार नाही,' असं तुम्ही वर्षभर सांगत आलेला असता. वीस वर्षं रोज पिणाऱ्याने गटारीला मन भरून प्यावी आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद करावी, डॉक्टरला न विचारता. हात थरथरून कपबशी वाजू लागली की उपासाचा अशक्तपणा म्हणावं. दोन-तीन दिवसांनी माणूस घामाने भिजतो, त्याला भिंतीवर मुंग्या दिसतात, मेलेल्या आजोबांशी तो बोलू लागतो. निदान सोपं आहे: देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदार भुताची, राखण द्यायची चुकली. यात फीट येते, जीवही जातो, आणि बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात यावर इलाज आहे. पण ते पडलं वेड्यांचं इस्पितळ, गाव काय म्हणेल? त्यापेक्षा गावचा घाडी, म्हणजे मांत्रिक, बरा. तो गाऱ्हाणं घालतो, देवचाराला रोट आणि सोरो, म्हणजे दारूच, देतो. उरलेला सोरो तीर्थ म्हणून रुग्णाच्या घशात जातो आणि थोड्या वेळात त्याची थरथर थांबते. आता बोला, देवचार जागृत आहे की नाही?

14446 हा व्यसनमुक्तीचा फुकट फोन नंबर मात्र घरात कुठे लिहून ठेवू नका, मुलं पाठ करतात. आमच्या वाड्यावरच्या सात वर्षांच्या एका पोराने असंच एक माप पाठ केलंय. वडिलांनी हाक मारली की ग्लास आणून बरोबर दोन बोटं ओततो, थेंब सांडत नाही. परवा पाहुण्यांनी त्याचं कौतुक केलं, तर लाजून म्हणाला, "सकाळचा याहून मोठा असतो."