एका शब्दाच्या दुरुस्तीला एवढा वेळ का लागला

नमस्कार सर,

तुमच्या पायथन स्क्रिप्टच्या दुरुस्तीबद्दलचा अभिप्राय वाचला. दिवसभर तुमचं काम अडून राहिलं, त्याबद्दल दिलगीर आहोत.

पण "नुसते स्क्रीनकडे बघत बसले, शेवटी एक शब्द टाकला आणि बिल लावलं" हे वाक्य फार लागलं. आमचं काम लोकांच्या शब्दावरच चालतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची स्क्रिप्ट क्रॅश होत नव्हती, मध्येच गप्प होत होती. लॉगमध्ये, म्हणजे स्क्रिप्टच्या नोंदींमध्ये, एरर नाही, सीपीयू जवळपास शून्यावर. अशा वेळी पुरावा फक्त त्या चालू प्रोसेसच्या (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामच्या) मेमरीत असतो: कुठलं फंक्शन कुठल्या ओळीवर थांबलंय, कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे. प्रोसेस बंद केली की सगळं गेलं. म्हणूनच पहिल्या फोनवर विनंती केली होती की अडकली तरी हात लावू नका. दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकवायला लिनक्सवर बहुतेकदा रूटचे, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागतात. ते तुमच्याकडून मिळायची आम्ही वाट बघत होतो, तेवढ्यात तुमच्याच माणसाने स्क्रिप्ट रीस्टार्ट केली. मग ती पुन्हा अडकेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. त्या थांबण्याचं एक मिनिटही बिलात धरलेलं नाही, कृपया बिल पुन्हा बघा.

आधीच ब्रेकपॉइंट (ठरावीक ओळीवर प्रोग्राम थांबवणारी खूण) का लावला नाही, असंही तुम्ही लिहिलंय. तो कोडमध्ये टाकायचा तर स्क्रिप्ट नव्याने सुरू करावी लागते, आणि कुठे टाकायचा हेच तर शोधायचं होतं. चालू प्रोसेसला थेट पीडीबी (पायथनचं चुका शोधायचं साधन) जोडायची सोय पायथन ३.१४ पासून आली, तुमच्या सर्व्हरवर त्याआधीची आवृत्ती आहे. म्हणून पाय-स्पाय हे चालू प्रोसेस बाहेरून बघायचं साधन वापरून स्टॅक, म्हणजे त्या क्षणी कुठली फंक्शन्स कुठल्या ओळीवर आहेत याची यादी, काढला. थोड्या वेळाने परत काढला, तरी तीच ओळ. म्हणजे स्क्रिप्ट हळू चालत नव्हती, अडकलीच होती. इंटरनेटवरून माहिती मागवणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचा कॉल सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, उत्तराची वाट बघत होता आणि लोकल व्हेरिएबल्समध्ये टाइमआउटपुढे (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) 'नन', म्हणजे काहीच नाही, असं होतं. टाइमआउट दिला नाही तर रिक्वेस्ट्स आपणहून वाट बघणं सोडत नाही. आम्ही टाकलेला "एक शब्द" म्हणजे हाच टाइमआउट.

यापुढे काय करू नये ते सुरुवातीलाच लेखी देऊ, मधल्या वेळेत निरोपही जास्त देत जाऊ.

त्यानंतर स्क्रिप्ट अडकल्याचा तुमचा फोन आलेला नाही. तेवढं अभिप्रायात लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं.