टॅपेटचा आवाज

परवा सिंहगड रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये, माझ्याच गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी उभा असताना, 'तुम्ही जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय,' असे मला सुनावण्यात आले. सुनावणारे गृहस्थ गॅरेजचे मालक नव्हते, मिस्त्रीही नव्हते. ते आपल्या स्कूटरची क्लच केबल बदलून घेण्यासाठी आले होते, आणि केबल यायला अवकाश असल्यामुळे मधला वेळ त्यांनी माझ्या इंजिनाला देऊ केला होता.

माझी तक्रार साधी होती. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा चालू केली की इंजिनाच्या पुढच्या अंगाकडून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो आणि काही सेकंदांत थांबतो. गाडी जुनी आहे आणि तिला सुपरचार्जर आहे, म्हणजे क्रँकशाफ्टवरून (पिस्टनमुळे फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून) पट्ट्याने फिरणारा आणि सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारा पंप. (ही कल्पना आजची नव्हे, अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी अशा पंपाचे पेटंट १८६० मध्ये घेतले आणि तो आधी भट्ट्यांना हवा पुरवत असे.) त्याशिवाय तिच्या कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक ॲडजस्टर आहे, जो व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ गरजेप्रमाणे पुढे-मागे करतो, आणि हे काम तो केवळ ऑइलच्या दाबावर करतो. रात्री ऑइल खाली उतरते. सकाळी दाब तयार होईपर्यंत ॲडजस्टरला जागेवर धरून ठेवणारी बारीकशी पिन झिजलेली असेल तर आतला भाग आपटत राहतो. या दोन दांड्यांना जोडणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही त्याच ऑइलची वाट पाहत असतो. चेन सैल होऊन एखादा दात चुकला, तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची टक्कर होऊ शकते आणि मग बिलाचा आकडा ऐकायला खुर्चीत बसावे लागते.

हे सगळे मी मिस्त्रीला सांगत होतो. मिस्त्री तरुण आणि समजूतदार होता, पण गृहस्थांनी त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"आवाज कुठाय?"

"काका, आत्ता येणार नाही. इंजिन गरम आहे. सकाळी थंड असताना येतो."

"म्हणजे आत्ता नाहीये."

"आत्ता नाही."

"मग नाहीये," असे त्यांनी मिस्त्रीला कळवले, आणि माझ्याकडे वळून, ज्या आवाजात डॉक्टर वाईट बातमी देतात त्या आवाजात, माझे वय विचारले. कान केव्हा तपासले होते, हेही विचारले. त्यानंतर त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनावर टेकवले. इंजिनावर म्हणजे इंजिन झाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर. डोळे मिटून ते बराच वेळ तसे उभे राहिले. इंजेक्टरांची टिकटिक, जी निरोगी इंजिनातही चालूच असते, त्यांना ऐकू आली असावी.

"टॅपेट! पाव वळसा दे, गप्प होईल."

या इंजिनातले टॅपेट, म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले तुकडे, हायड्रॉलिक असून ते ऑइलच्या दाबावर आपोआप सेट होतात, त्यांना वळसा देण्यासाठी स्क्रूच नसतो, असे मी नम्रपणे म्हणालो.

"असं कंपनी सांगते. कंपनीला गाड्या विकायच्या असतात."

या युक्तिवादाला जगात उत्तर नाही. पुढे त्यांची नजर मी सोबत नेलेल्या ५ डब्ल्यू ३० ऑइलच्या डब्यावर गेली. "हे पाणी आहे. वीस-पन्नास घाला. मी पद्मिनीला जन्मभर घट्ट ऑइल घातलं." थंड असताना घट्ट ऑइल वर पोहोचायला जास्त वेळ लागतो आणि माझी खडखड नेमकी तेवढीच लांबेल, हे मी शक्य तितक्या सोप्या मराठीत सांगून पाहिले.

"तुम्ही इंजिनीअर आहात?"

"नाही. बँकेत आहे."

"मग?"

तो 'मग' मला अजून टोचतो आहे. त्यापेक्षा अधिक टोचते ते हे, की समजूतदार मिस्त्री तेवढ्यात आत जाऊन वीस-पन्नासचा डबा घेऊन आला. पेट्रोलच्या टाकीत स्कूटरसारखे थोडे टू-टी ऑइल टाकण्याची सूचनाही झाली. ती मात्र मिस्त्रीने हसून टाळली, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. या शहरात गाडीची झीज किलोमीटरमध्ये मोजतात. सर्व्हिस किलोमीटरवर आणि विक्रीची किंमतही किलोमीटरवर. कर्वे रस्त्यावर सिग्नलला तासभर घुरघुरणारे इंजिन काट्यावर जेमतेम काही किलोमीटर दाखवते, पण चेन, पट्टा आणि पंपाचे बेअरिंग यांनी तो अख्खा तास भोगलेला असतो, आणि तोही गरम, कमी दाबाच्या ऑइलवर. 'एकच मालक, डॉक्टर, फक्त घर ते दवाखाना' अशी जाहिरात वाचून लोक हुरळतात. रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होणारे इंजिन कधी पुरते तापतच नाही. न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहते आणि ते ऑइल पुस्तिकेतल्या आकड्याची वाट पाहत महिनोन्‌महिने तसेच फिरत राहते. त्यापेक्षा रोज पुणे-मुंबई करणाऱ्या माणसाची गाडी मी डोळे मिटून घेईन. पण हे सांगायचे कोणाला? सांगणारा बँकेत आहे.

शेवटी माझ्याच डब्यातले ऑइल घातले गेले आणि ॲडजस्टर व चेन तपासण्यासाठी पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. गृहस्थांची केबल भलत्याच मापाची आली. त्यांना कोथरूडला जायचे होते आणि माझी गाडी त्याच दिशेने निघाली होती, त्यामुळे ते न विचारताच पुढच्या सीटवर बसले. राजाराम पुलावर रस्ता मोकळा मिळाल्यावर मी जरा जोर दिला आणि सुपरचार्जरने आपली ती बारीक शीळ घातली. त्या शीळेसाठीच मी ही गाडी अजून ठेवली आहे.

"पट्टा ओरडतोय," काका समोर पाहत म्हणाले. "तेव्हाच सांगणार होतो. तुम्ही बोलूच दिलं नाहीत."