जड धनुष्य म्हणजे पक्का नेम नव्हे

“मुलाच्या दंडात जोर असेल तर पहिल्याच दिवशी ४० पाउंडांचे धनुष्य द्या, नेम आपोआप बसतो,” असा संदेश आमच्या बुलढाणा भागातील गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. पाउंडांचा आकडा दोरी खेचण्यास लागणारे बळ सांगतो, अचूकता नव्हे. ही खेच मुख्यतः पाठीच्या आणि खांद्याच्या पात्याभोवतीच्या स्नायूंनी पेलायची असते; ते तयार नसताना जड धनुष्य हाती दिल्यास खांदा वर चढतो, हनुवटीखाली हात टेकण्याची जागा प्रत्येक बाणाला बदलते आणि इजेचा धोकाही वाढतो. ऑलिम्पिकमध्ये ७० मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटिमीटरचे असते, त्यामुळे हनुवटीपाशी झालेला काही मिलिमीटरांचा फरकही तेथे भोवतो. जास्त ताणाने सुटलेला बाण वेगाने जातो आणि वाऱ्याने कमी ढळतो, एवढे खरे. मात्र बाणाचा ताठरपणा त्या ताणाशी जुळलेला नसेल, तर तोही फायदा हातचा जातो. संदेशात नागपूरच्या ओजस देवतळेचा दाखला दिला आहे. तो २०२३ मध्ये जगज्जेता झाला तो कंपाउंड धनुष्यावर, ज्यातील चाकांमुळे पूर्ण खेचीवर हातावरचा भार बराच उतरतो. साध्या धनुष्याला, आणि आपल्याकडच्या बांबूच्या धनुष्याला तर मुळीच, त्याचा दाखला लागू पडत नाही.