"एका बॉलला दहा लाख" म्हणताय, पण त्याआधीच्या सहा वर्षांचं काय?

फेब्रुवारी २०२६ मध्ये डेट्रॉईट टायगर्सचा पिचर तारिक स्कूबलच्या पगाराचा निकाल लागल्यापासून एक मेसेज सगळीकडे फिरतोय, अमेरिकेतल्या मराठी ग्रुप्सवर तर फारच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेसबॉलचा पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) पाच दिवसांतून एकदा खेळतो तरी त्याला वर्षाला ३ कोटी २० लाख डॉलर, म्हणजे एका बॉलला जवळपास दहा लाख रुपये. आर्बिट्रेशन (लवादाकडून पगार ठरवून घेणं) म्हणजे काहीही करा, पगार वाढणारच. फ्री एजन्सी म्हणजे ज्या टीमने घडवलं तिला सोडून जास्त पैशामागे पळणं. मोठं कॉन्ट्रॅक्ट मिळालं की दुखापत दाखवून घरी बसायचं. आणि या पगारांमुळेच तिकिटं महाग झालीत, तेव्हा सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारांवर वरची मर्यादा, आणा.

मला हे सगळं वाचून मनापासून वाईट वाटलं, कारण डिसेंबर-जानेवारीत बातम्यांमध्ये जो आकडा दिसतो तोच बघून लोक पिचरला लोभी ठरवतात आणि त्या आकड्याच्या आधी काय होतं ते कुणी बघतच नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"एका बॉलला दहा लाख रुपये." गणित चूक नाहीये, स्टार्टर (मॅचची सुरुवात करणारा) पिचर सीझनला तीन हजाराच्या आसपास बॉल टाकतो, भागून बघा, साधारण तेवढंच येतं. पण हेच गणित पॉल स्कीन्सला लावा ना. २०२५ चे दोन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेते म्हणजे अमेरिकन लीगमध्ये स्कूबल आणि नॅशनल लीगमध्ये पिट्सबर्गचा स्कीन्स. स्कीन्सचा ईआरए १.९७, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन रनसुद्धा नाहीत, २१६ स्ट्राईकआऊट (तीन स्ट्राईकवर बाद केलेले बॅटर), आणि त्या वर्षी त्याचा पगार होता ८ लाख ७५ हजार डॉलर. बॉलमागे तीनशे डॉलर (पुढचे सगळे आकडेही डॉलरमधलेच). नवीन खेळाडूंसाठी बोनसचा जो पाच कोटींचा फंड आहे त्यातून त्याला ३४ लाखांच्या वर मिळाले हेही सांगतो, आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन खेळाडू निवडतात त्यात, पहिला नंबर म्हणून ९२ लाखांचा साईनिंग बोनस २०२३ मध्येच मिळालेला, तरीही बाजारात अशा पिचरची जी किंमत आहे तिच्या जवळपाससुद्धा हे जात नाही. दोघांच्या हातात फरक नाहीये, फरक आहे सर्व्हिस टाईमचा. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच वगळलंय.

सर्व्हिस टाईम म्हणजे मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, रोस्टरवर (संघाच्या यादीत) किती दिवस होतात याचा हिशोब, १७२ दिवस भरले की एक वर्ष. पहिली तीन वर्षं पगार जवळजवळ टीमच ठरवते, फक्त मिनिममच्या खाली जाता येत नाही, तो २०२६ मध्ये ७ लाख ८० हजार आहे. तीन वर्षं भरली की आर्बिट्रेशनचा हक्क येतो (दोन ते तीन वर्षांमधल्या वरच्या २२ टक्क्यांना जरा आधी, त्यांना सुपर टू म्हणतात), आणि सहा वर्षं भरल्यावरच फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा. आणि १७१ दिवस झाले तर ते वर्ष धरत नाहीत. क्रिस ब्रायंट, पिचर नव्हे पण उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं, त्याला शिकागोने २०१५ मध्ये सुरुवातीला खालच्या लीगमध्ये ठेवलं, एका दिवसाने वर्ष हुकलं, तो भांडायला गेला आणि हरला.

याच्याही आधी मायनर लीग. तिथे ट्रिपल-ए म्हणजे मेजरच्या एक पायरी खाली खेळणाऱ्याला २०२३ च्या कराराआधी वर्षाला १७,५०० डॉलर मिळायचे, त्या करारात ते ३५,८०० झाले. न्यू जर्सीत किंवा डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको यात घरभाडं कसं भागतं.

स्कूबलचंच बघा. कॉलेजमध्ये असतानाच कोपराची टॉमी जॉन सर्जरी झालेली, २०१८ मध्ये थेट नवव्या राऊंडला टायगर्सनी घेतला, साईनिंग बोनस साडेतीन लाख. २०२० मध्ये मेजरमध्ये आला, २०२२ मध्ये परत हाताची सर्जरी, पुढचं अर्धं वर्ष बाहेर. २०२४ मध्ये १८ विजय, २२८ स्ट्राईकआऊट, पहिला साय यंग, आणि पगार किती, तर साडेसव्वीस लाख डॉलर. २०२५ मध्ये १ कोटी १ लाख ५० हजार आणि लागोपाठ दुसरा साय यंग. आपली टीम आपण निवडण्याची संधी त्याला पहिल्यांदा मिळणार ती २०२६ च्या सीझननंतर, तेव्हा तो तीस वर्षांचा होईल. ड्राफ्टने टीम ठरवली, नियमाने पगार ठरवला, आणि मधल्या काळात टीमला वाटलं असतं तर त्याला न विचारता दुसरीकडे ट्रेड करता आलं असतं.

"पाच दिवसांतून एकदाच खेळतो." अहो मग बुमराहला २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच टेस्ट का खेळवल्या? ताशी १५५ किलोमीटरच्या वर शंभर बॉल टाकले की कोपरातलं लिगामेंट आणि खांदा दुसऱ्या दिवशी त्याच ताकदीने चालत नाही, चार दिवसांची विश्रांती ही सवलत नाही, हात वाचवण्याची सोय आहे, आणि त्या चार दिवसांतही व्यायाम, मधे एक बुलपेन सेशन (सरावाची बॉलिंग), पुढच्या टीमच्या बॅटर्सचा अभ्यास हे चालूच असतं. आणि वेळ आली की पिचर काय करतो ते २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, दिसलं. डॉजर्सच्या योशिनोबू यामामोतोने दुसरी मॅच शेवटपर्यंत एकट्याने टाकली, सहाव्या मॅचमध्ये ९६ बॉल टाकले, आणि दुसऱ्याच दिवशी टोरांटोत सातव्या मॅचला परत उभा राहिला, आणखी ३४ बॉल, अकराव्या इनिंगपर्यंत मॅच गेली आणि जिंकली. ज्याच्या नावावर १२ वर्षांचं ३२ कोटी ५० लाखांचं कॉन्ट्रॅक्ट आधीच पक्कं आहे त्याला हे करायची काय गरज होती सांगा.

आता आर्बिट्रेशन, इथे मेसेजमधली सगळ्यात मोठी गफलत आहे. "पगार वाढणारच" असं जे म्हणतात त्यांनी प्रोसेस नीट बघावी. जानेवारीत खेळाडू एक आकडा देतो, टीम एक आकडा देते, जमलं नाही तर तीन जणांच्या पॅनेलपुढे सुनावणी, आणि पॅनेलला दोनपैकी एकच आकडा निवडता येतो, मधला काढता येत नाही. टीमची आर्थिक स्थिती तिथे काढायचीच नाही असा नियम आहे, तुलना होते ती सारख्या खेळाडूंच्या पगाराशी. त्यामुळे वाढ दिसते ती मुळातला आकडा खूप खाली धरून ठेवलेला असतो म्हणून. स्कूबलने ३ कोटी २० लाख मागितले, टायगर्सनी दिले १ कोटी ९० लाख. याच टायगर्सनी २०१५ साठी डेव्हिड प्राईसला १ कोटी ९७ लाख ५० हजार दिले होते, त्याच्याकडे तेव्हा एक साय यंग होता. म्हणजे अकरा वर्षांनी, लागोपाठ दोन साय यंग घेतलेल्या पिचरला त्याच्यापेक्षा कमी! पॅनेलने स्कूबलच्या बाजूने निकाल दिला आणि तो आर्बिट्रेशनमधला आजवरचा सगळ्यात मोठा आकडा ठरला, आधीचा हुआन सोटोचा ३ कोटी १० लाख होता. लोकांनी बातमीत फक्त "रेकॉर्ड" वाचलं.

आणि हरणारे? कॉर्बिन बर्न्स, २०२१ चा साय यंग. २०२३ साठी त्याने मागितले १ कोटी ७ लाख ५० हजार, मिलवॉकीने दिले १ कोटी १० हजार. साडेसात लाखांहून कमी फरकासाठी टीमने सुनावणीत त्याच्यासमोर बसून त्याची उणीदुणी काढली, आदल्या वर्षी प्लेऑफ हुकल्याचं खापरसुद्धा त्याच्यावर आलं असं त्याने स्वतः पत्रकारांना सांगितलं, आणि नात्याला तडा गेला हे लपवलं नाही. तो हरला. वर्षभरात टीमने त्याला बाल्टिमोरला ट्रेड केलं. डेलिन बेटान्सेसचं २०१७ चं प्रकरण तर अजून वाईट, यांकीजकडून ५० लाख मागितले, मिळाले ३० लाख, आणि जिंकल्यावर यांकीजचे अध्यक्ष रँडी लेव्हिन यांनी सगळ्यांसमोर त्याच्या मागणीवर टीका केली. जिंकलेल्या बाजूने हे करायची खरंच गरज नव्हती.

शिवाय टीमला आर्बिट्रेशन टाळायचाच असेल तर नॉन-टेंडर आहे, नोव्हेंबरमध्ये कॉन्ट्रॅक्टच द्यायचं नाही, खेळाडू मोकळा. ब्रँडन वुडरफ, दोनदा ऑल-स्टार, २०२३ मध्ये खांद्याची सर्जरी झाली आणि मिलवॉकीने नॉन-टेंडर केला, कारण पुढचं वर्ष खेळणार नाही तर कोटीभर का द्यायचे. नंतर त्यांनीच त्याला नव्या करारावर परत घेतलं, तो बरा होऊन आला, चांगला खेळला. मग "वाढणारच" हे कुठून आलं?

"फ्री एजन्सी म्हणजे बेईमानी." हा हक्क पिचर लोकांनीच मिळवलाय म्हणून इथे जरा थांबतो. पूर्वी रिझर्व्ह क्लॉज होता, कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी खेळाडू त्याच टीमचा, आयुष्यभर. १९७४ मध्ये कॅटफिश हंटरच्या ओकलंडच्या मालकाने कॉन्ट्रॅक्टमधला एक हप्ता पाळला नाही म्हणून लवाद पीटर साईट्झ यांनी हंटरला मोकळं केलं, आणि जो वर्षाला एक लाख घेत होता त्याच्याशी यांकीजनी पाच वर्षांसाठी तीस लाखांच्या वर करार केला. खऱ्या बाजारात पिचरची किंमत काय हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढच्या वर्षी अँडी मेसरस्मिथ सही न करता डॉजर्सकडून पूर्ण सीझन खेळला, त्याच्यासोबत दाव्यात डेव्ह मॅकनॅली होता, तोही पिचर, आणि २३ डिसेंबर १९७५ ला साईट्झ यांनी दोघांच्या बाजूने निकाल दिला. मालकांनी त्याच दिवशी साईट्झ यांना काढून टाकलं. सहा वर्षांची अट १९७६ च्या करारात आली, म्हणजे आजही कुणी पाहिजे तेव्हा उठून जात नाही, सहा वर्षं दिल्यावर जातो.

आणि मालक प्रामाणिकपणे बोली लावतात असंही समजू नका. १९८६ मध्ये जॅक मॉरिसने टायगर्ससाठी २१ मॅच जिंकल्या, फ्री एजंट झाला, मिनेसोटा, यांकीज अशा टीमकडे एजंटला घेऊन स्वतः गेला आणि कुणी घ्यायला तयार नाही! शेवटी टायगर्सकडेच आर्बिट्रेशनने परत आला, तिथे साडेअठरा लाख जिंकला. मालकांनी आपसात ठरवून बोली लावणं बंद केलं होतं हे नंतर लवादांनी सिद्ध धरलं आणि १९९० मध्ये मालकांनी २८ कोटी डॉलर भरून ते मिटवलं. विश्वास कुणी मोडला, तुम्हीच ठरवा.

दुखापतीचा मुद्दा. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. स्टीफन स्ट्रासबर्गला वॉशिंग्टनने ७ वर्षांचे २४ कोटी ५० लाख दिले आणि त्यानंतर तो जेमतेम आठ मॅच टाकू शकला, २०२४ मध्ये रिटायर. टीमसाठी तो तोटाच. पण हे कॉन्ट्रॅक्ट मिळालं कशावर? २०१९ च्या प्लेऑफमध्ये पाच विजय, वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), नॅशनल्सचं पहिलं विजेतेपद. हात तिथेच झिजला. घरी बसायची हौस असती तर नसांचा त्रास आणि ऑपरेशन सहन करून परत परत मैदानात यायचा प्रयत्न कोण करेल? जेकब डीग्रॉमने २०१८ मध्ये १.७० च्या ईआरएने साय यंग घेतला तेव्हा पगार ७४ लाख होता, टेक्ससचे मोठे पैसे आले आणि २०२३ मध्ये कोपर गेलं, मग २०२५ मध्ये सदतिसाव्या वर्षी परत येऊन तीस मॅच टाकल्या. टीमला स्वस्तात मिळणारी वर्षं तरुण हाताची, आणि पैसे येतात तेव्हा हात थकलेला, ही मांडणी पिचरने केलेली नाही.

तिकिटांचं पटकन सांगतो. टायगर्सच्या कोमेरिका पार्क मैदानावर यांकीज आले की तिकीट वाढतं, मंगळवारी एखादी साधी टीम आली की उतरतं, आणि या दोन्ही दिवशी टायगर्सचा पगाराचा खर्च तोच असतो. लोक किती द्यायला तयार आहेत त्यावर भाव ठरतो. स्कूबल १ कोटी ९० लाखांत आला असता तर उरलेले पैसे तुमच्या पार्किंगमध्ये कमी झाले नसते.

राहिली सॅलरी कॅप. डॉजर्स २०२४ आणि २०२५ लागोपाठ जिंकले, त्यांनी अफाट खर्च केला, २०२५ साठी लक्झरी टॅक्सच (पगारांचा खर्च ठरलेल्या मर्यादेवर गेला की लीगला भरायचा दंड) १६ कोटी ९० लाखांच्या वर भरला, त्याने इतर टीमचे चाहते चिडतात हे मला समजतं. पण २०२३ मध्ये सगळ्यात महागडी टीम मेट्सची होती, शेर्झर आणि व्हर्लँडर हे दोन पिचर प्रत्येकी ४ कोटी ३३ लाखांवर, आणि ७५ विजय, ८७ पराभव, प्लेऑफसुद्धा नाही. कॅपवरूनच १९९४ मध्ये संप होऊन वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती, आणि मालक-खेळाडूंमधल्या सध्याच्या कराराची मुदत आहे १ डिसेंबर २०२६ पर्यंत, नेमका स्कूबल फ्री एजंट होईल त्याच ऑफ-सीझनमध्ये, त्यामुळे असे मेसेज आता अजून येत राहणार. ज्यांना कॅप हवीच आहे त्यांनी त्याच वाक्यात सहाची चार वर्षं करा, मिनिमम वाढवा, आणि स्वस्त टीम चालवून लीगच्या उत्पन्नातल्या वाटपाचे पैसे खिशात घालणाऱ्या मालकांना खर्चाची खालची मर्यादा घाला हेही मागावं. त्या मेसेजमध्ये मालकांबद्दल एक ओळ नाहीये.