सिरॅमिक कोटिंगने खडी अडत नाही, फसू नका

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. मावसभावाने नवी गाडी घेतली. राहतो चिपळूणला, रोजचं जाणं-येणं मुंबई-गोवा हायवेवरून. एका दुकानवाल्याने त्याच्या गाडीला सिरॅमिक कोटिंग (रंगावर मारायचा चकचकीत संरक्षक थर) मारलं, चांगले घसघशीत पैसे घेतले आणि वर सांगितलं, "आता खडी उडाली तरी रंगाला टवकासुद्धा जाणार नाही."

धडधडीत खोटं आहे हे!

सिरॅमिकचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाणी ओघळून जातं, चिखल लवकर निघतो, गाडी चमकते, एवढं खरं. पण खालच्या प्रायमरपासून वरच्या पारदर्शक थरापर्यंतचा, म्हणजे क्लिअर कोटपर्यंतचा, अख्खा रंग शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा असतो आणि खडी तो सगळा फोडून पत्र्यापर्यंत पोचते. तिथे हे कोटिंग काय करणार? मार झेलायला पीपीएफच, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मच लागते. पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड आणि लवचीक, म्हणून दणका स्वतःवर घेते.

आमच्या काकांचं सांगतो. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात पुढे डंपर, काठोकाठ खडी, ताडपत्रीचा पत्ता नाही. डंपरचं चाक खड्ड्यात गेलं आणि मूठभर खडी मागे आली. बॉनेटच्या पुढच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा टवका गेला. गॅरेजवाला म्हणाला, राहू दे काका, एवढ्याशाने काय होतंय. मग कोकणातला पाऊस, त्यात खारी हवा. गणपतीत मी पाहिलं तर टवक्याभोवतीचा रंग फुगलेला. नखाने उचलला, खाली गंज.

फंडाच्या पैशातून घेतलेली गाडी हो ती. दर रविवारी स्वतः धुतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी काही बोलले नाहीत, नुसते अंगठ्याने तिथे चोळत राहिले. मला अजून ते आठवलं की गलबलून येतं.

पीपीएफ महाग आहे, मान्य. मोठा दगड आला तर फिल्मखालचा पत्रा चेपणारच, हेही मान्य. पण अख्खी गाडी झाकायची गरजच नाही. बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरसे आणि चाकांमागचा दरवाजाखालचा पट्टा, मार तिथेच बसतो. तेवढंही जमत नसेल तर निदान मडफ्लॅप, म्हणजे चाकांमागच्या रबरी पट्ट्या लावा. आणि टवका दिसला की त्याच आठवड्यात बुजवा. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, नाहीतर सर्व्हिस सेंटरवाले सांगतात. जागा साफ करून पूर्ण कोरडी करा, टच-अप रंगाचा थेंब, वाळला की वर क्लिअर कोट. काकांना हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर बॉनेट पुन्हा रंगवावं लागलं नसतं.

डंपरच्या मागे चिकटून चालवू नका. ऐंशीऐवजी शंभरने गेलात तर तोच दगड साधारण दीडपट ऊर्जेने आदळतो.

पण आम्हीच किती सांभाळायचं? फिल्म आम्ही लावायची, अंतर आम्ही ठेवायचं, रंगाचे पैसे आम्ही भरायचे. आणि खडीवाल्याने दहा मिनिटं काढून ताडपत्री बांधायची नाही? काकांच्या जागी मागे बाईकवर एखादं पोरगं असतं तर तीच खडी त्याच्या डोळ्यात गेली असती. पोलीसदादा, नाक्यावर हेल्मेट बघता ना, बघायलाच हवं. मग त्याच नाक्यावरून उघडा डंपर रोज जातो कसा?