सातच्या आधी केळं नाही

केळं मागितलं होतं मी, मोटेलात भागीदारी नव्हे.

पहाटेचे साडेचार. अमेरिकेतल्या डुलूथ गावाबाहेर हायवेलगतचं मोटेल. काचेच्या दारापलीकडे नाश्त्याच्या खोलीत टोपलीभर पिवळीधमक केळी आणि दाराअलीकडे छातीवर नंबर लावून उभा मी. काउंटरवरचा पोरगा भयंकर नम्र. "नाश्ता सात वाजता." म्हटलं, बाबा रे, पावणेआठला शर्यत सुटते, तीही इथून चाळीसेक किलोमीटरवर, आणि बस साडेपाचला आहे. तो म्हणाला, "तुमची अडचण मला पूर्ण समजते." समजली, आणि विषय तिथेच संपला.

शर्यत म्हणजे ग्रँडमाज मॅरेथॉन. 1977 पासून जूनमध्ये होते. डुलूथच्या कॅनल पार्क भागातल्या ग्रँडमाज नावाच्या रेस्टॉरंटनं सुरुवातीला पैसे लावले, म्हणून हे नाव. टू हार्बर्सहून निघायचं आणि लेक सुपिरियर या अवाढव्य तळ्याच्या काठाकाठानं डुलूथला यायचं. मी मिनियापोलिसचा, अडीच तासांचा रस्ता. एक रात्र पुरली असती. पण त्या शनिवार-रविवारी एका रात्रीसाठी खोली मिळतच नाही. दोन घ्या, तिप्पट भावानं घ्या, आणि केळं सातनंतर घ्या.

"काय म्हणतोय तो?"

मागून थेट मराठीतच प्रश्न आला. वळून बघतो तर माकडटोपी, स्वेटर, मोजे घालून वर स्लिपर. जून असला तरी ही माकडटोपी चुकीची नव्हती. या तळ्याचं पाणी उन्हाळ्यातही बर्फगार असतं. वारा तिकडून सुटला की गावाला हुडहुडी भरते. काका उन्हाळ्यापुरते लेकीकडे आलेले. जावयानं तळं दाखवायला आणलं आणि तेही दोन रात्रींच्या सापळ्यात सापडले.

"पळायला आलायस? कुठनं कुठं?"

"टू हार्बर्सपासून इथं डुलूथला, काका. बेचाळीस किलोमीटर."

"आणि तिकडं जाणार कसा?"

"बस सोडते."

काका जरा थांबले. "मग ती बस परत येणार?"

"येणार."

"रिकामी?"

"रिकामीच."

"आणि तू तिच्या मागनं पळत."

काका एसटीतून निवृत्त झालेले, वाहतूक नियंत्रक, सोलापूर विभाग. माझ्या गुडघ्यांचं त्यांना काही पडलं नव्हतं, त्यांचा जीव डिझेलसाठी तुटत होता. "अरे, एवढे डेड किलोमीटर! आमच्याकडे मेमो हातात पडला असता. किती गाड्या असतात अशा?"

"पुष्कळ. शिवाय एक रेल्वेही जाते."

"रेल्वे?" काका सोफ्यावर बसलेच. "ती पण रिकामी परत?"

मी मान हलवली. या सगळ्याचे पैसे कोण भरतं, असं त्यांनी विचारलं. आम्हीच, म्हटल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. लग्नानंतर कुणी माझ्याकडे इतक्या काळजीनं पाहिलं नव्हतं.

"तुला केळं पाहिजे ना? थांब."

काका उठले, छातीवर हात ठेवला, काउंटरशी गेले आणि क्षीण आवाजात म्हणाले, "आय डायबेटिस. शुगर डाऊन."

काय सांगू! पोरगा उडी मारून बाहेर आला. किल्ली, दार, केळं. एकच केळं. आणि देऊन तो जाईना! चेहऱ्यावर चिंता घेऊन काकांसमोर ठाण मांडून उभा. काकांनी केळं सोललं आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "बघतोय रे तो. खावं लागतंय."

खाल्लं. शेवटच्या घासापर्यंत. मग पोरग्यानं संत्र्याचा ज्यूस आणला. तोही प्यावा लागला.

"काका, डायबेटिस खरंच आहे?"

"आहे की. म्हणून तर आता हा ज्यूस नडणार."

शर्यतीबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. डावीकडे तळं होतं म्हणतात, धुक्यात मला ते दिसलं नाही. पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास लेमन ड्रॉप हिल नावाचा चढ आहे. बाकी रस्त्यावर फार चढ नाहीत, हा एक मात्र पायातला जीव संपल्यावर नेमका पुढ्यात येतो. मी तो उपाशीपोटी चढलो, हे त्या नम्र पोरग्याच्या कानावर कुणीतरी घालावं.

संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये भिंत धरून चालत होतो, तर काका भेटले. दिवसभर त्यांनी हिशेब केला होता. "हजारो माणसं येणार हे यांना वर्षभर आधी ठाऊक, आणि भाव तिप्पट? आषाढीला आम्ही पंढरपूरला जादा गाड्या सोडायचो. लाखांनी माणूस. तिकीट तेच." दिवाळीतल्या हंगामी भाडेवाढीचा विषय मी काढला नाही. वाद घालायला उभं राहावं लागतं. पण काकांचं चूक काय होतं? गर्दी झाली की खोली महाग होते हे एक वेळ समजू शकतो, पण नको असलेली दुसरी रात्र गळ्यात मारायची ही कुठली रीत? माझी ती रात्र तर बाथटबचा काठ ओलांडता येईल का, याचा विचार करण्यातच जाणार होती.

काकांनी मात्र पैसे वसूल करायचं मनावर घेतलेलं. जादा टॉवेल मागवून झाले होते आणि खोलीतली इस्त्री तापत ठेवली होती. जावयाचे सगळे शर्ट उरकले होते.

"तुझं आहे का काही इस्त्रीचं?"

मी गळ्यातल्या पदकाची फीत सोडवून त्यांच्या हातात दिली.